पाळण्यावरचा पाझुझू

दर वेळी पाहुणा आला की, "बाबा, ते सांगा ना." मी काय कीर्तनकार आहे? सांगतो. पण मध्ये हसायचं नाही.

माझी सून नीला बाळंतीण होती, इथेच परदेशात, क्रेगीबर्नला. अंगावर दूध येईना, म्हणून बाळ बाटलीवर. शेजारची शमीराम आजी इराकची, असिरियन. बाळ बघायला आली ती पितळेचं मुंडकं घेऊन. कुत्र्याचं तोंड, बाहेर आलेले डोळे. स्वतःच्या हाताने पाळण्याला बांधलं आणि म्हणाली, "हा पाझुझू. वाऱ्याचा राक्षस. वाईट आहे. पण लमाश्तू ह्यालाच घाबरते. ती लेकरं पाजायला मागते... आणि नेते."

"आमची सटवाई काय कमी होती, आजी?" नीला म्हणाली. पण तिनं ते राहू दिलं.

माझा मुलगा श्रीनिवास, इंजिनियर. "बाळाच्या उशाशी राक्षस? सीरियसली, बाबा?" काढून गराजमध्ये टाकलं. मी म्हटलं, "अरे, दारात आपला गुंड बसला की दुसरा येत नाही." ऐकतोय कोण.

दुसऱ्याच दिवशी उत्तरेचा वारा सुटला; इकडे तो वाळवंटावरून येतो, भट्टीच्या तोंडासारखा. श्रीनिवास ऑफिसला, मी मागे वाळलेले कपडे काढत होतो. पडदे ओढलेले, भर दुपारी घरात अंधार. नीला किचनमध्ये बाटली भरत होती. ओट्यावरच्या बेबी मॉनिटरमधून बाळाचं रडणं येत होतं, ते एकदम थांबलं. मग फरशीवर नख्या घासल्यासारखं काहीतरी... आणि बाईचा आवाज. हळू, मायेचा.

"आण इकडे... मी पाजते."

चक्क मराठीत. नीलाला वाटलं, मीच टीव्ही लावला. मग चोखण्याचा आवाज यायला लागला.

ती धावली. खोलीचं दार उघडेना. फटीतून ओल्या कुत्र्याचा वास.

"बाबा... आत कोणीतरी आहे..."

मी दाराला खांदा लावत बसलो नाही. गराजमध्ये पळालो, मुंडकं आणून दाराच्या मुठीला अडकवलं. वारा पडला. दार आपसूक उघडलं.

आत कोणी नव्हतं. बाळ गाढ झोपलेलं. ओठांवर दूध, जरा काळपट. भरलेली बाटली अजून नीलाच्याच हातात.

संध्याकाळी श्रीनिवास म्हणाला, "बाबा, खरं सांगा, तुम्ही त्याला काय पाजलंत?" मला. स्वतःच्या बापाला.

मुंडकं आता पाळण्यालाच आहे. पण त्या दिवसापासून बाळ बाटली तोंडात घेत नाही. तरी वजन वाढतंय, नर्स खूश आहे. उत्तरेचा वारा सुटला की ते खिडकीकडे तोंड करतं, आणि ओठ हलायला लागतात... नीला तेव्हा खोलीत थांबत नाही. मी थांबतो.

आणि माफी अजून मागितलेली नाही, त्या श्रीनिवासनं.