हुंकाराची जागा

दहिसरला दत्तारामकडे जायचं म्हणजे माझा अख्खा रविवार वाया. मुलुंडहून बस, घोडबंदरची कोंडी, वर गुडघ्यांची कुरकुर. तरी जायचो, कारण ‘इन्स्पेक्टर माणकेश्वर’ या जुन्या पॉकेटबुक मालिकेवर तावातावानं भांडायला उभ्या मुंबईत दोनच माणसं उरली होती, दत्ताराम आणि काशीराम. दोघं मालवणकडच्या एकाच वाडीतले, मी वाईजवळच्या खेड्यातला. माणकेश्वरवरून भांडण सुरू व्हायचं आणि गावावर येऊन थांबायचं.

त्यांच्या वाडीत एसटीचा कंडक्टर ती पुस्तकं आणायचा. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि एकानं हुंकार द्यायचा. आमच्याकडेही तसंच. हुंकार थांबला की वाचणारा थांबे. हुंकाराशिवाय गोष्ट सांगू नये, भलताच कोणी ऐकतो, असं जुनी माणसं म्हणत. मी वजनमापे खात्यात जन्म काढलेला माणूस. तराजूत बसत नाही ते मी मानत नाही.

पावसाळा सरता सरता दत्तारामला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तंबाखूनं खरखरलेला तो जाड आवाज बंद झाला. त्याच्या बायकोनं, अनुपमावहिनींनी, आम्हाला बोलावून घेतलं.

“डॉक्टर म्हणतात, आवडीचं कानावर पडू दे. तुम्ही वाचा ना, श्यामभावजी. फक्त हुंकार कुणी देऊ नका. ती जागा त्यांच्यासाठी सोडा. कधीतरी देतील.”

त्या बाईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिला नाही म्हणणं जमलं नसतं.

आतल्या खोलीत दत्तारामच्या खाटेनंतर खुर्चीलाही जागा उरत नव्हती. म्हणून मी हॉलमध्ये काशीरामशेजारी बसून मोठ्यानं वाचायचो. अर्धवट उघड्या दारातून त्याची पावलं दिसत. वाचून थांबायचं, वाट बघायची, पुढे जायचं. महिने गेले, आतून काहीच आलं नाही. मालिका संपत आली. कपाटात एकच पुस्तक राहिलं, ‘बंद दीपगृह’. दत्तारामनं ते रद्दीवाल्याकडून मुद्दाम शोधून आणलं होतं, पण उघडलेलं दिसत नव्हतं.

त्या दुपारी खाली भंगारवाला ओरडत होता, कुकरची शिट्टी झाली होती. पहिलं प्रकरण संपवून मी सवयीनं थांबलो.

“हूं.”

वहिनी धावल्या. दत्ताराम पंख्याकडे बघत पडला होता. ओठ मिटलेले. “घशातून आला असेल,” मी म्हटलं आणि पुढे वाचलं.

“हूं. फुडे?”

आवाज बारीक होता, कोवळा. वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. झटक्यानंतर आवाज बदलतो, असं मी स्वतःला समजावलं. काशीराम मात्र उठून गॅलरीत गेला. मी मागोमाग गेलो. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“श्यामराव, तो दत्तो नाय.”

“मग?”

“खंडू. दत्ताचो धाकटो भाव. तोच ‘फुडे, फुडे’ करी. हेंच पुस्तक अर्धा वाचलेला, आणि खंडू तापान गेलो. दत्तान ता परत कधी उघडूक नाय.”

“थांबूया का मग?”

“आणि वयनीक काय सांगशात?”

आत वहिनी नवऱ्याचं तोंड पुसत होत्या. “बोला ना अजून. बोला ना हो.” इतक्या महिन्यांनी त्यांच्या आवाजात जीव होता. तो काढून घ्यायचं बळ आम्हा दोघांत नव्हतं. थकलो होतो आम्ही. मी परत जाऊन वाचायला बसलो.

प्रत्येक परिच्छेदाला हुंकार येत गेला.

शेवटचं पान आलं. काशीराम मान हलवत होता, नको, नको. वहिनी हात जोडून बसल्या होत्या.

वाचलं मी. पुस्तक मिटलं.

हुंकार आला नाही.

खाट करकरली. दारातली पावलं खाली टेकली.

दत्ताराम भिंतीला धरून बाहेर आला. त्यानं वहिनींकडे पाहिलं, अनोळखी बाईकडे बघावं तसं. मग काशीरामकडे.

“काशी,” त्या कोवळ्या आवाजात तो म्हणाला, “माझो दादा खंय असा?”

“बोलले!” वहिनी हसत रडत होत्या. “ऐकलंत ना? बोलले!”

डॉक्टर खूश आहेत. म्हणतात, आठवण हळूहळू येईल. दत्ताराम आता पेज मागतो, मालवणीतच बोलतो, वहिनींना ‘बाय’ म्हणतो. काशीराम यायचा बंद झाला. मी परवा गेलो, तर दत्तारामनं मालिकेतलं पहिलं पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पायाशी मांडी घालून बसला. नाइलाजानं वाचायला लागलो. परिच्छेद संपला, थांबलो. हुंकार त्यानं दिला नाही. तो आतल्या खोलीकडे बघत होता, खुशीत.

“हूं.”

जाड, तंबाखूनं खरखरलेला आवाज. आत खाट रिकामी होती, चादर घडी केलेली.

स्वयंपाकघरात वहिनींनी गॅस बारीक केला. जन्मभराच्या सवयीनं त्यांच्या तोंडून आलं, “चहा टाकू ना हो?”

“हूं.”