एकोणसाठचे एकोणसत्तर

"ताई, नमुन्यांच्या खोलीत जाताना दाराला वीट लावा हं. ते दार कुणाचं ऐकत नाही."

पहारेकरी काकांनी हे सांगितलं तेव्हा ती नुसती हसली. पाच वर्षं इमारतींचाच अभ्यास केलेल्या मुलीला आता दारं शिकवायची म्हणजे...! "काका, दारं मला घाबरतात," असं म्हणून तिनं वही आणि मोबाईल व्हरांड्यातल्या स्टुलावर ठेवला आणि टेप घेऊन आत गेली.

कागद गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. यंत्रं गेली, धुराडं गेलं. उरलं होतं ते हे दोन मजली ऑफिस. खाली दगड, वर वीट. ते ठेवायचं की पाडायचं, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. खरं सांगायचं तर तिलाही त्यात ठेवण्यासारखं काही दिसलं नव्हतं. दक्षिणेला एकही खिडकी नाही, बिजागऱ्या तिरक्या. 'कुणी झोपेत बांधलंय की काय!'

मागे दार हळूच, अगदी अदबीनं लागलं. तिनं मूठ ओढली... मूठ हातात आली.

हाका मारून मारून घसा बसला. काका दुपारी डोळे दाखवायला दवाखान्यात जाणार होते, हे आत्ता आठवलं. तेवढ्यात व्हरांड्यात पावलं वाजली.

"आत कोण?"

"मी!"

"मी म्हणजे?"

"मापं घेणारी! दार उघडा ना."

"हे बाहेरून किल्लीनंच उघडतं. किल्ली काकांकडे, आणि काका येणार चारला. आत्ता वाजलेत दोन." मग जरा थांबून, "वीट नव्हती लावली?"

"तुम्ही मदतीला आलात की जखमेवर मीठ चोळायला?"

बाहेर हसू उमटलं. दारामागचं हसू किती जवळून ऐकू येतं!

तो ग्रंथालयातला बाइंडर होता. फाटक्या पुस्तकांना ठिगळं लावायला इथला जुना कागद न्यायचा. "घाबरू नका, मी बसतो इथेच," तो म्हणाला, आणि खरंच दाराला पाठ टेकून बसला. पाठ टेकल्याचा आवाज तिला फळीतून कळला. मग तीही आतून तशीच बसली.

"हे दार बिघडलेलं नाही बरं का," तो सांगत होता. "मुद्दाम तिरकं बसवलंय. दार उघडं राहिलं तर वारा येणार, वारा आला तर कागद उडणार. म्हणून ते आपलं आपण लागतं."

"आणि दक्षिणेला खिडक्या का नाहीत?"

"उन्हानं कागद पिवळा पडतो ना! कुठला कागद जास्त पांढरा, हे उत्तरेच्या उजेडातच कळतं. एखादा ताव काढा, खिडकीशी धरा..."

तिनं खण ओढला, ताव उजेडात धरला. कागदाच्या पोटात एक बगळा उभा होता. गिरणीची खूण, उजेडाशिवाय न दिसणारी.

"दिसला?"

"दिसला..." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. ही इमारत झोपेत बांधलेली नव्हती. कुणीतरी कागदाची काळजी करत, जागेपणी बांधलेली होती.

"मापं सांगा, वही इथेच आहे. मी लिहितो."

"लांबी सहा मीटर बारा. रुंदी चार मीटर... एकोणसाठ."

बाहेर पेन्सिलीची खरखर थांबली.

"एकोणसाठ म्हणजे नक्की...?"

"शाळेत गेला होतात ना?"

"गेलो होतो. एकोणचे पाढे झाले त्या दिवशी आजारी होतो."

कोंडून पडलेली मुलगी पोट धरून हसली.

चारला काकांनी दार उघडलं. समोर तो — कानावर पेन्सिल, बोटांना वाळलेली खळ. दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले, आणि काका खाली पडलेल्या मुठीकडे.

दोन दिवसांनी नकाशा काढताना खोली भिंतीतून दहा सेंटीमीटर बाहेर यायला लागली. वहीत लिहिलं होतं — चार मीटर एकोणसत्तर! तणतणत ती पुन्हा आली. टेपचं दुसरं टोक धरायला अर्थात तोच.

"एकोणसाठ आहे! लिहिताना लक्ष कुठे होतं?"

"दाराकडे," तो म्हणाला. मग खळीची बोटं उगाच चोळत... "मी बाइंडर आहे हो. सेंटीमीटर सोडा, केसभर चुकलं तरी पुस्तक वाकडं होतं. एकोणसाठ मला चांगलं कळतं."

"मग?"

"माप बरोबर लिहिलं असतं, तर तुम्ही परत कशाला आला असता?"

तिनं टेपचं टोक सोडलं नाही. त्यानंही नाही.

अहवालात तिनं तिरक्या बिजागऱ्या लिहिल्या, उत्तरेचा उजेड लिहिला. इमारत राहिली. आता खाली वाचनालय आहे, आणि नमुन्यांच्या खोलीत तो पुस्तकं बांधतो. त्यांची लेक नुकती रांगायला लागलीय. प्रत्येक दाराला वीट आहे की नाही, हे आई दिवसातून दहादा बघते. नवरा चिडवतो. चिडवू दे. न लावलेल्या एका विटेनं तिला हे घर दिलं. त्या विटेचे उपकार विसरून कसं चालेल?

आणि काका... ते फाटकाजवळच्या खोलीत एकटेच राहतात. गिरणी चालू होती तेव्हा संध्याकाळी प्रत्येक बंद दारावर थाप मारून ते विचारायचे, "आत कोणी राहिलंय का?" आता रोज संध्याकाळी ती त्यांच्या दारावर थाप मारते. पण आज लेकीला ताप आहे, नवरा औषध आणायला गेलाय, आणि मांडीवरची लेक तिला उठूच देत नाहीय.

तुम्ही त्या बाजूला निघाला असाल तर एवढं कराल? थाप जोरात मारा, डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. "आत कोणी आहे का?" असं विचारा. आणि "आहे की!" असं ऐकू आल्याशिवाय दारापासून हलू नका.