डोक्याखाली घेतात ती

बस ताई. गाडी सातला येणार आहे, अजून पाऊण तास आहे. वीज इतक्यात यायची नाही, म्हणून हा दिवा इथेच मध्ये ठेवते. आईची औषधं निळ्या पिशवीत आहेत, सकाळची आणि संध्याकाळची वेगळी बांधलीत. रबरी चादर बॅगेत खाली आहे. कमरेचा पट्टा बांधताना आधी डावी बाजू घ्यायची, नाहीतर ती ओरडते आणि मग आपल्यालाच रडू येतं. सगळं भरून झालंय. फक्त तू येताना तिच्यासाठी नवी आणलीस ती, तुझ्या मांडीवर आहे ती, मी भरणार नाही. ती तूच ने.

तू रागावून आली आहेस आणि तुझा राग रास्त आहे. आईने तुला फोनवर सांगितलं की मी तिला डोक्याखाली घ्यायलासुद्धा काही देत नाही, चादरीची घडी करून त्यावर निजवते, त्याने तिची मान आखडते. खरं आहे ते. पडून तिचं हाड मोडलं तेव्हापासून आठ महिने तिचं सगळं केलं, आणि आता अचानक म्हणतेय की तिला घेऊन जा. तू जिन्यातच म्हणालीस की जबाबदारी झटकायला मला बरं सुचतं. वाचा गेलेल्यांना बोलतं करायचा धंदा माझा, आणि घरात वेळेला तोंडातून शब्द फुटत नाही. आई हे चारचौघांत सांगून हसायची.

आधी एक कबूल करते, हसू नकोस. तुझ्या मांडीवर आहे तिचं नाव मला येत नाही. आल्या आल्या तू ते घेतलंस, मला ऐकूही आलं, पण तो नुसता आवाज होता, दार करकरल्याचा असतो तसा. त्यातून डोळ्यांपुढे काही उभं राहिलं नाही. डोक्याखाली घेतात ती, एवढंच मला म्हणता येतं. दोन महिन्यांपूर्वी येत होतं नाव.

तेव्हा आमच्या रुग्णालयात एक गादीवाले आजोबा आले. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेला, वाचा गेलेली. बोलता येत नव्हतं हे तर होतंच, पण आपण बोललेलंही निम्मं कळत नव्हतं. मुलगा रोज अकरा वाजता त्यांना चाकाच्या खुर्चीतून माझ्या खोलीत आणून सोडायचा. माझी खोली तू पाहिलेली नाहीस. मागच्या बाजूला आहे, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लावून एक पलंग, आणि खिडकी उघडली की समोर दुसरी भिंत. सकाळी फरशी पुसल्याचा फिनेलचा वास दुपारपर्यंत जात नाही.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले त्या बाई एक गोष्ट पहिल्या दिवशीच सांगायच्या. शब्द कानाला कळत नाही, अंगाला कळतो. ‘लिंबू’ म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, ‘सुई’ म्हटलं की बोटाची टोकं जुळतात. बोलणाऱ्याचं अंग हलतं आणि ऐकणाऱ्याचंही हलतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक. ते हललं म्हणजे शब्द कळला. म्हणून ज्याचा शब्द हरवलाय त्याच्या तोंडामागे लागायचं नाही, वस्तू त्याच्या हातात द्यायची. हात आपलं काम आठवतो आणि शब्द मागून येतो.

आजोबांचं तसंच झालं. चित्रांच्या कार्डांकडे ते नुसते बघत बसायचे. मग मी मुलाला सांगून दुकानातली हत्यारंच मागवली. दाभण डाव्या हातात दिलं, मनगट आपोआप वळलं, आणि चौथ्या दिवशी ‘दाभण’ असं स्वच्छ उमटलं. दोरा अंगठ्याला गुंडाळला आणि ‘दोरा’ म्हणाले. कापूस पिंजायची खूण केली आणि ‘कापूस’. तीन आठवड्यांत चाळीसेक शब्द झाले. म्हातारा मोठा मिश्किल होता, शब्द जमला की भुवई उडवून दाखवायचा, जणू मीच विद्यार्थिनी. माझा त्यांच्यावर जीव जडला होता, ताई.

एकच शब्द येईना. आता तुला कळलंच असेल कुठला. कार्ड दाखवलं की ते कोऱ्या कागदाकडे बघावं तसे बघायचे. मी शब्द उच्चारून दाखवला तरी चेहऱ्यावर काही नाही. मुलाला नवल वाटलं. तो म्हणाला, बाबांनी आयुष्यात गाद्या केल्या त्याच्या चौपट या केल्या असतील. म्हणून मी पलंगावरची उचलली आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली.

त्यांनी ती दोन कोपऱ्यांना धरली. दोन्ही हातांनी, ताई. ज्या उजव्या हातात चमचा राहत नव्हता त्या हातानेही. मग खुर्चीतून अर्धवट उठून तिच्यावर पुढे वाकले आणि दाबून धरली. बोटं पांढरी पडली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, खिडकीबाहेरच्या भिंतीवरचं ऊन सरकलं एवढं आठवतं. आणि ते पुटपुटत होते. मी जवळ जाऊन ऐकलं.

‘झालं हं... झालंच आता...’

इंजेक्शन देताना लहान मुलाला म्हणतो ना, तितक्या मायेने. मग त्यांनी ती उचलली, तळव्याने नीट सारखी केली, आणि खाली बसून माझ्याकडे बघितलं. शब्द मात्र आला नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी मुलाला विचारलं, तुमच्या धंद्यात कापूस बसवायला असं काही करतात का? तो म्हणाला, त्यावर गुडघा देतात, हात नाही. मग स्वतःच बोलत राहिला. आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं बाबाच करायचे. दोन वर्षांपूर्वी दुपारची झोपली आणि झोपेतच गेली. ‘शांत गेली हो,’ म्हणाला, ‘बाबांनी तिच्यासाठी नवी करून दिली होती, मऊ कापूस घालून. तिच्यावरच गेली.’ त्या मुलाच्या मनात काही नव्हतं, आणि खरं सांगते, माझ्याही मनात तेव्हा काही आलं नाही. मी आपली शब्दाच्या मागे होते.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण रुग्णाची हालचाल आपल्याला कळत नसेल तर ती स्वतः करून बघायची, ही आमच्या कामाची रीतच आहे. शिकाऊ मुलींना मीच हे घोकून घेते. जेवणाच्या सुट्टीत दार लोटलं, ती टेबलावर ठेवली, आणि आजोबांनी धरली होती तशी दोन कोपऱ्यांना धरली. कोपरं ताठ केली. अंगाचा भार पुढे टाकला.

आणि माझ्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या. आजोबा खुर्चीतून पुरते उठूच शकत नव्हते, त्यांच्या टाचा मी कधी पाहिल्या नव्हत्या. तरी माझ्या उचलल्या गेल्या, कारण त्याशिवाय भार पुरत नाही. हे माझ्या अंगाला कळलं, ताई, मला नंतर कळलं. खाली सपाट टेबल होतं. पण तळव्याला खालून काहीतरी लागलं. एक उंचवटा, नाकाएवढा... आणि तो आधी इकडेतिकडे होत होता, मग व्हायचा थांबला.

मी हात काढले. मला वाटलं, डोक्यात रक्त चढलं असेल, सकाळपासून पोटात काही नव्हतं. मग ती उलटून बघितली. अभ्र्याच्या खालच्या बाजूला मधोमध ओला डाग होता. तोंडाएवढा. मी बोट लावलं. कोमट होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आजोबांना ते कार्ड दाखवलं आणि त्यांनी पहिल्या झटक्यात शब्द सांगितला. सोबत आलेल्या सिस्टरने टाळी वाजवली. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र ऐकतच राहिले, कारण मला नुसता आवाज ऐकू आला. कार्डाकडे बघितलं तर त्यावर एक फुगीर पांढरा चौकोन होता, आणि तो कशाचा आहे हे मला सांगता येईना. आजोबांनी मग पलंगावरची ती घेतली, मांडीवर ठेवली, वरून हात फिरवला. उजवा हात पुन्हा लुळा होता. ते माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होते.

‘घेतलंत... तुम्ही,’ म्हणाले. आणि रडायला लागले. सुटका झालेला माणूस रडतो तसे रडले, आणि मग लाज वाटल्यासारखं तोंड फिरवलं.

ताई, मी थकले होते, हे मी नाकारत नाही. रोज कामावरून येऊन तिला पुसून काढायचं, कूस बदलायची, ती तेच तेच विचारते त्याला तीच तीच उत्तरं द्यायची. पण आईचा मला कंटाळा आला नव्हता. हे तू मान अथवा नको मानूस. ती मला हवी आहे. म्हणूनच ती इथे नको.

त्याच रविवारी दुपारी मी तिचे अभ्रे बदलत होते. एवढंच आठवतं, अभ्रे बदलत होते. भानावर आले तेव्हा मी पलंगाशी उभी होते, दोन्ही कोपरे हातात, कोपरं ताठ, टाचा वर. आई डोळे उघडे ठेवून खालून माझ्याकडे बघत होती. आणि खोलीत कुणीतरी ‘झालं हं... झालंच आता...’ म्हणत होतं. तो आवाज माझा होता.

आईला वाटलं, मी तिच्या डोक्याखाली सारतेय.

‘डोकं उचलू का गं?’ तिने विचारलं. आणि उचललंसुद्धा, बिचारीने, मान थरथरत होती तरी उचलून धरलं.

मी ती टाकून मोरीत पळाले आणि बादलीत कोपरांपर्यंत हात बुडवून बसले. संध्याकाळी घरातल्या सगळ्या त्या बोचक्यात बांधून खाली नेऊन टाकून दिल्या. तेव्हापासून तिच्या डोक्याखाली चादर. पण आता चादरीची घडी घालतानाही माझी बोटं कोपरे शोधतात. काल दोनदा शोधले. म्हणून तुला बोलावलं. तुझ्या हातात ती सुखरूप राहील, तू तिला माझ्यापेक्षा मऊ निजवशील, एवढंच मला पाहिजे.

आजोबा कोपरे कसे धरायचे म्हणतेस? हे असे. नुसत्या हातांनी दाखवते, घाबरू नकोस. असे दोन कोपरे, आणि...

ताई, हात खाली ठेव.

अगं, तू मघापासून माझ्याबरोबर करते आहेस. मी सांगतेय आणि तुझे हात करतायत. तुला कळलंय का ते? माणूस ऐकताना करतंच थोडं, बाई म्हणायच्या, पण ते डोळ्याला दिसायला नको. मांडीवर एवढी दाबून धरू नकोस ती. टाचा टेकव. टेकव ना ताई.

हो आई, आलोच. गाडी आली वाटतं, तिने हॉर्न ऐकला असेल. ‘झालं का गं तुमचं?’ म्हणून विचारतेय ती. थांब, तू बस, मी जाते. तू आत जाऊ नकोस. तू तिला आत्ता काय उत्तर दिलंस? काय म्हणालीस? ‘झालं हं, झालंच आता’? हे मी सांगितलं म्हणून म्हणालीस ना? गंमत केलीस माझी. कर, पण परत असं म्हणू नकोस.

आण ती इकडे. दे म्हणते ना. किती घट्ट धरलीस. हे बघ, नवीकोरी उशी, अजून प्लॅस्टिकचा वास येतोय, आणि मधोमध ओली कशी झाली ही?

उशी.

ताई, मी उशी म्हणाले. उशी. येतंय मला. डोळ्यांपुढे दिसतेय, आईचं डोकं दिसतंय तिच्यावर, आणि माझे हात... हात मोकळे वाटतायत. हलके. देवा, किती दिवसांनी.

ताई, तू म्हण बरं एकदा. हे काय आहे माझ्या हातात? मघाशी आल्या आल्या म्हणाली होतीस, तेच म्हण. मग आपण दोघी मिळून आईला गाडीत बसवू. म्हण ना. अशी कोऱ्या कागदाकडे बघावं तशी काय बघतेस?