मागे ठेवलेली काठी

कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी डब्यातून दोन पाय वर आलेले दिसले, तेव्हा आइली कोस्केलाच्या हातात शिळ्या पॉपकॉर्नचं पोतं होतं. वरून एप्रिलचा तो चिकट मारा चालू होता, ना धड पाऊस, ना धड बर्फ. पाय हलत होते. म्हणजे माणूस जिवंत होता, तेवढंच समाधान.

"अहो!" ती ओरडली. "आत काय करताय?"

"पोहतोय," आतून आवाज आला. "पाणी छान आहे... या की तुम्हीपण!"

आवाज तिने लगेच ओळखला. रेमी लाफ्लॅम. टॅमरॅक हार्बरच्या स्टर्जन्स संघाचा बचावपटू. सरोवराकाठचं हे एवढंसं गाव, आणि खालच्या लीगमधला त्याचा हा आइस हॉकीचा संघ. आइली त्याच संघाच्या ऑफिसात होती. सामन्यांची चित्रफीत पुढेमागे करून कोण कुठे चुकलं ते कोचला दाखवायचं, हे तिचं काम. अख्खा हिवाळा तिने या माणसाला पडद्यावर पाहिलं होतं, कधी सावकाश, कधी थांबवून, आणि कधी कामाशिवायही. बोलणं मात्र 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेलं नव्हतं. कोच मॅकवेटींचा नियमच होता तसा: ऑफिसातल्यांनी खेळाडूंशी सूत जुळवायचं नाही. जुळलं, तर दोघांपैकी एकाला नारळ.

"टोइवोने माझी पिशवी फेकली," रेमी डोकं वर काढत म्हणाला. केसांत केळ्याचं साल होतं. "स्केट्स आहेत त्यात. सगळ्या पिशव्या काळ्या... मी तरी कशी ओळखू?"

आइलीला हसू आवरेना. आज पिशव्यांचा दिवस होता. सीझन संपला की खेळाडू आपापल्या कप्प्यातलं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत कोंबून घरी निघतात. बॅगा असतात, तरी पिशव्याच. का, ते कोणी विचारत नाही. रिंकवरचा बर्फ सपाट करणारा म्हातारा टोइवो चष्मा घरी विसरून आला होता आणि दाराशी दिसेल ती पिशवी डब्यात टाकत सुटला होता.

"थांबा, ती निळ्या दोरीची बघा," आइली म्हणाली आणि पोतं बाजूला ठेवून चक्क डब्याच्या कडेला लोंबकळली. अंगात चर्चला जायचा चांगला कोट होता, पण ते तिला नंतर आठवलं.

"हीच! बाई, तुम्ही देवदूत आहात."

"देवदूतांना असला वास येत नाही."

"मला तर छानच येतोय," तो म्हणाला, आणि पिशवी खांद्यावर टाकून त्याने खाली उडी मारली.

डाव्या पायावर. एक क्षण, फक्त एकच क्षण, त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो हसला. पण आइलीने पाहायचं ते पाहिलं होतं. फेब्रुवारीपासून तिला पडद्यावर काहीतरी खटकत होतं. डावीकडे वळताना हा माणूस एक पाऊल चोरत होता. इतका हुशारीने उभा राहायचा की कोणाच्या लक्षात येऊ नये. तिने स्वतःचीच समजूत घातली होती की आपल्याला भास होतोय. आता ते जमणार नव्हतं.

"हॉकीच्या काठ्या नाही घेतल्या?" तिने विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"घेतल्या. एक ठेवलीय रॅकमध्ये." तो तिच्याकडे बघत राहिला. "मला परत यायचंय ना."

टॅमरॅकमध्ये ही रीत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक होती. ज्याला पुढच्या हिवाळ्यात परत यायचंय, तो एक काठी मागे ठेवतो. संघाने काढून टाकलं तर त्याने स्वतः येऊन ती उचलायची. दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी कोचच्या खोलीत खेळाडूंची छाननी सुरू झाली. नाताळात स्टर्जन्स सगळ्यांच्या वर होते आणि मार्चमध्ये असे घसरले की बाद फेरीचं दारसुद्धा दिसलं नाही. न्हाव्याच्या दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत ज्याला त्याला कारण माहीत होतं. भिंतीवरच्या फळ्यावर नावांच्या पाट्या होत्या. डावीकडे राहणारे, उजवीकडे जाणारे.

"गोलरक्षक?" कोचने विचारलं.

"ठेवा. गोल त्याच्यामुळे झाले नाहीत. त्याच्यासमोर आपलं कोणी नसायचंच."

"हे जरा माझ्या बायकोला सांग. ती त्याच्याच नावाने खडे फोडते. बरं, होल्मबर्ग?"

"गोल करतो खूप. पण आपण आधीच जिंकलेलो असताना."

कोच फसकन हसले आणि होल्मबर्ग उजवीकडे गेला. "लाफ्लॅम," असं म्हणत त्यांनी पाटी न विचारताच डावीकडे सरकवली. "याच्यावर वेळ घालवायला नको."

"थांबा..." आइली म्हणाली.

"का?"

हातातल्या कॉफीच्या कपाचा कागदी काठ तिने नखाने सगळा सोलून काढला होता. "त्याचे थोडे भाग बघायचे राहिलेत. दोन दिवस द्या."

"घे," कोच म्हणाले. तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत म्हणाले.

ते दोन दिवस आइलीचं कशात लक्ष लागेना. बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठे जायचं ते सुचत नसे. गप्प बसलं, तर रेमी राहील. सबंध हिवाळा डोळ्यांसमोर असेल आणि त्या नियमापायी हाताच्या अंतरावरच राहील. वर तो गुडघा! समोरून कोणी दणकट पोरगा वेगाने येऊन आदळला की कायमचाच जाईल. आणि खरं बोललं, तर रेमी आपल्या गावी क्युबेकला जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शिवाय तो गाव सोडायचं नावच घेत नव्हता.

"तुम्ही अजून गेला नाहीत?" दुपारी रिंकच्या पायरीवर तो दिसला तेव्हा तिने विचारलं.

"सामान वाळत घातलंय. डब्यातला वास जात नाहीये." त्याने कागदात गुंडाळलेली गरम पेस्टी पुढे केली, मांस आणि सलगम भरलेली, करंजीसारखी पण तळहाताहून मोठी. "अर्धी घ्या. ग्रेव्ही आणलीय."

"पेस्टीवर ग्रेव्ही? शी! माझ्या आईच्या घरात हे बोललास ना, तर आल्या पावली बाहेर काढील."

"बोललास?" त्याने भुवया उंचावल्या. "आत्तापर्यंत 'अहो' होतो मी."

"चुकून गेलं."

"मग रोज चुकत जा." तो सरकला आणि त्याने तिला पायरीवर जागा करून दिली. सरकताना डावा पाय हाताने उचलून ठेवला, अगदी सहज, जणू ती सवयच होती.

आइलीने तोंडाशी नेलेला घास परत कागदात ठेवला.

"काय झालं? सलगम आवडत नाही?"

"आवडतं," ती म्हणाली. "मला सगळंच आवडतं..." आणि उठलीच. "चल, धक्क्यापर्यंत चालून येऊ."

सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला होता. मोठमोठे तुकडे एकमेकांवर घासत होते, कुरकुरत होते. धक्क्याच्या टोकाशी रेमीने तिच्या कॉलरवरचा पावसाचा थेंब बोटाने टिपला. तिने ते बोट तसंच राहू दिलं. मग डोळे मिटून एका दमात म्हणाली, "रेमी, तुझा डावा गुडघा गेलाय."

बोट बाजूला झालं.

"कोणी सांगितलं?"

"तूच. फेब्रुवारीपासून रोज सांगतोयस. मी बघत होते."

तो बर्फाकडे वळला. बोलला तेव्हा थट्टा कुठल्या कुठे गेली होती. "मग पायरीवर माझ्याशेजारी बसलीस ते काय होतं? तपासणी?"

"नाही!"

"मग? तू कोचला सांगितलंस तर मी संपलो. या पायाचा खेळाडू कुठलाच संघ घेत नाही. मला दुसरं येतं काय, आइली? सहा वर्षांचा असल्यापासून हेच करतोय."

"आणि नाही सांगितलं, तर पुढच्या जानेवारीत तुला स्ट्रेचरवरून नेतील आणि मी ते चारदा मागेपुढे करून बघेन. ते माझं काम आहे." ती म्हणाली. "नाही जमणार मला. तू राग धर. पण मी सांगणार."

"मला राहायचं होतं इथे," तो म्हणाला. "खेळासाठीच असं नाही... जाऊ दे."

तो निघून गेला. लंगडत. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं.

आइली सरळ कोचच्या खोलीत गेली आणि बसलीसुद्धा नाही. चित्रफीत लावली, तीन ठिकाणी थांबवली. कोच मॅकवेटींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "बघायचं नव्हतं एवढंच. तुलापण नव्हतं ना बघायचं?"

"नव्हतं," ती म्हणाली.

"नियम माझाच आहे, पोरी. पण डोळे मलाही आहेत." त्यांनी लाफ्लॅमची पाटी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि उजवीकडे लावली. "ऑपरेशनचा खर्च संघ करेल. ते मी त्याला स्वतः सांगतो. तू घरी जा."

ती घरी गेली नाही. शुक्रवारची सगळी दुपार ती रिंकमध्ये या ना त्या निमित्ताने त्या रॅकपाशी घुटमळत होती. काठी होती. पांढऱ्या पट्टीवर त्याचा आकडा, मुठीपाशी झिजलेली. तिला वाटलं, तो रागावून ती न्यायलाच येणार नाही. मग वाटलं, येईल तेव्हा निदान दिसेल तरी. शनिवारी सकाळी आली, तर रॅक रिकामा होता.

"लवकरच येऊन गेला," टोइवो म्हणाला. आज चष्मा होता. "मला मिठी मारली त्याने. पिशवी फेकली तरी."

"काही म्हणाला?"

"म्हणाला, गाडीत पेट्रोल भरतो आणि निघतो."

आइलीने मान डोलावली. प्रेक्षकांच्या रिकाम्या स्टँडमध्ये जाऊन बसली आणि मग मात्र मनसोक्त रडली. आपण बरोबर वागलो हे तिला पुरतं पटलेलं होतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता. बरोबर वागून माणूस इतका एकटा पडतो, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

दुपार कलताना ती घरी आली. अंगणात साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर निघत होता. शनिवार होता, वाफ घ्यायचा दिवस. आई ओसरीतच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"ये. मला एक सांग," आई म्हणाली. "या घरात हॉकी कोण खेळतं?"

"कोणी नाही. का?"

"मग परत कोण येणार आहे?"

आईने बोट दाखवलं. ओसरीच्या कोपऱ्यात बर्फ ओढायची फावडी टेकवलेली होती. त्यांच्यामध्ये एक काठी उभी होती. पांढऱ्या पट्टीची, मुठीपाशी झिजलेली.

"मी हात लावला नाही हं," आई घाईने म्हणाली. "नुसतं वाकून बघितलं. काठीचा मालक मागे लाकडं फोडतोय. पाहुणा आहेस, बस म्हटलं, तर ऐकेना. पायाने अधू दिसतो, पण हात बरे आहेत."

आइली मागच्या अंगणात धावली. रेमीने कुऱ्हाड खाली ठेवली. पाऊस आता खरा पाऊस झाला होता, नुसतं पाणी.

"मी कोचशी भांडायला गेलो होतो," तो म्हणाला. "ते म्हणाले, ती पोरगी उभ्याने बोलली आणि बोलून झाल्यावर गप्प रडली. मग मला भांडता येईना."

"मी रडले नव्हते... तिथे."

"मग कुठे?"

"स्टँडमध्ये. आज." तिने ओले केस मागे सारले. "रेमी, मला तू आवडतोस. डिसेंबरपासून."

"आणि गुडघा फेब्रुवारीत दिसला?"

"नुसता खेळ बघत असते, तर आधीच दिसला असता."

त्याला ते कळायला जरा वेळ लागला. मग तो असा हसला की साउनाच्या दारातून आईने डोकावून पाहिलं.

"उद्या निघतो," तो म्हणाला. "आधी ऑपरेशन, मग मोठ्या बहिणीकडे, तिच्या शिव्या खात. पानगळीपर्यंत पाय सावरेल म्हणतात. खेळता नाही येणार. पण इथल्या शाळेच्या पोरांना उलटं स्केटिंग शिकवणारं कोणी नाही, टोइवो सांगत होता. मी विचारून आलोय. ते विचार करतायत." तो थांबला. "आणि आइली... मी आता खेळाडू नाही."

"मग?"

"मग तुमच्या कोचचा नियम मला लागू नाही."

चवड्यांवर उभी राहून तिने त्याच्या ओल्या दाढीवर ओठ टेकले, आणि अंगातला चर्चचा कोट त्या आठवड्यात दुसऱ्यांदा खराब झाला.

"पेस्टी खाऊन जा रे पोरा," आईने हाक मारली. "केचप आहे घरात."

रेमीने आइलीकडे पाहिलं. "केचप चालेल," तो मोठ्याने म्हणाला. "मला सगळंच आवडतं."

रविवारी त्याची गाडी वळणापलीकडे गेली, तेव्हा आई आणि आइली दोघी ओसरीत उभ्या होत्या. छपरातून पाणी ठिबकत होतं, फावड्यांवर पडून काठीवर शिंतोडे उडत होते. आईने एकेक फावडं उचलून पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. गळत होतं तिथे बादली लावली. काठीला मात्र दोघींपैकी कोणीही हात लावला नाही.