सकाळचा ठोकळा

एक्स-रे विभागात रोज सकाळी पहिला फोटो प्लॅस्टिकच्या ठोकळ्याचा निघे. किरण जास्त सोडले की फोटो लख्ख, कमी सोडले की रवाळ. पेशंटचं कमीत कमी किती किरणांत भागेल, ते या ठोकळ्यावरून ठरे. सातवा महिना लागल्यापासून हे काम तिच्याकडे आलं होतं. शिशाच्या भिंतीआड बसून बटण दाबायचं, इतकंच. तरी कमरेला लावलेलं किरणांचं मीटर ती दहादा बघायची. नवरा चिडवायचा, बाळाचं पहिलं वजनही त्या मीटरवरच करशील म्हणून. मीटर मात्र सदा शून्यावर.

मंगळवारी तिनं किरणांचा आकडा जरा जास्तच खाली आणला. फोटो रवाळ आला आणि त्या रव्यात मण्यांची बारीक माळ दिसली. ठोकळा पुसून तिनं आणखी कमी किरणांत दुसरा फोटो काढला. आता माळ पुसट व्हायला हवी होती. रवा वाढला, पण माळ स्पष्ट झाली. तो पाठीचा कणा होता, जेमतेम वीतभर.

तिसऱ्या वेळी बटण दाबताना बाळानं बरगडीखाली लाथ मारली. फोटोत एक पाय ताठ झालेला होता.

सांगावं तर लोक वेड्यात काढणार. तिनं फोटो पुसून टाकले, पण मशीन त्याच खालच्या आकड्यावर ठेवलं. आकडा वाढवायला हात धजेना. किरण वाढले की रव्याबरोबर ते बाळही धुऊन जाईल, या भीतीनं तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शुक्रवारी बोभाटा झाला. एका लहान मुलीच्या छातीचा फोटो इतका रवाळ आला की पुन्हा काढावा लागला. ही छाती आहे की रेतीचा ढीग, असं डॉक्टरांनी विचारलं. किरण वाचवण्याच्या नादात त्या पोरीला दोनदा किरण बसले, याची तिला मनापासून लाज वाटली.

मग विभागातले सर्वांत जुने तंत्रज्ञ, सगळ्यांचे अण्णा, स्वतः मशीनवर बसले. ती शेजारी उभी राहिली. ठोकळ्याचा पहिला फोटो त्यांनी तिच्याच आकड्यावर काढला. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"प्लेटवर डाग पडलेत. किरण वाढवले की जातील," ते म्हणाले आणि आकडा चढवू लागले.

"अण्णा, नको."

"अगं, तू भिंतीआड आहेस. तुला काय होणार आहे?"



अण्णांनी बटण दाबलं.

ठोकळा लख्ख, कोरा आला.

एकदाच पहिल्या आकड्यावर काढा, म्हणून तिनं हात जोडले. त्यांनी काढला. नुसता रवा.

"बघ, गेलं की नाही?" अण्णा म्हणाले.

दोन्ही तळवे पोटावर दाबून ती पुढच्या लाथेची वाट बघत होती.