प्रभाग नऊखालचं पाणी

मांडवझरी नगरपरिषदेची भूस्थैर्य प्रयोगशाळा म्हणजे जुन्या अग्निशमन केंद्रातली एक लांबट खोली होती. सन २०४१च्या ऑक्टोबरात प्रभाग नऊच्या नगरसेविका वत्सला बोरकुटे तिथे आल्या तेव्हा डॉ. हेमराज उराडे यांनी त्यांना खुर्ची दिली आणि पडद्यावर एक आलेख लावला. शहरातल्या पन्नास झुकावमापकांची चार वर्षांची नोंद त्यावर होती. रेषा पहिल्या दीड वर्षात सरळ होती. मग ती खाली वळली होती आणि वळतच गेली होती.

"हा तुमचा प्रभाग," उराडे म्हणाले. "चार वर्षांत सात सेंटिमीटर खाली गेलाय."

वत्सलाबाईंच्या पर्समध्ये त्यांच्या कार्य-अहवालाचा कच्चा खर्डा होता. आठवड्याभरात निवडणूक जाहीर होणार होती. त्याआधी अहवाल घरोघर पोचवायचा होता. त्याच्या पहिल्याच पानावर 'खाणजल योजना' होती. प्रभागाखालच्या बंद कोळसा खाणीत साठलेलं पाणी उपसून, शुद्ध करून त्यांनी अडीच हजार घरांना चोवीस तास दिलं होतं. सांगण्यासारखं दुसरं कामही नव्हतं.

"कशामुळे?" त्यांनी विचारलं, पण आवाजावरून त्यांना उत्तर कळलेलं दिसत होतं.

"साठ वर्षांपूर्वी कोळसा काढताना छत पडू नये म्हणून मध्ये कोळशाचेच खांब सोडले होते. खाण बंद झाली, बोगदे पाण्याने भरले. ते पाणी छताला खालून रेटत होतं. वरचा निम्माअधिक भार खांबांवर नव्हता, पाण्यावर होता. त्याला आम्ही आधारदाब म्हणतो. रोज बारा लाख लिटर पाणी खाणीत झिरपतं आणि आपण उपसतो पंधरा लाख. पातळी अकरा मीटर उतरली. तेवढा आधारदाब गेला."

"मग उपसा बंद करू. आजच."

"ते तर अजिबात नको, ताई." उराडे घाईने म्हणाले. "खांबांचा वरचा भाग आता उघडा पडलाय, वाळलाय. त्या कोळशात चिकणमातीचे पट्टे आहेत. वाळलेलं ढेकूळ कितीही भार सोसतं, पण पाण्यात टाकलं की विरघळतं. पातळी एक फूट जरी वर आली तरी ते पट्टे भिजतील आणि खांब बसतील."

"खाली गेली तरी धोका, वर आली तरी धोका?"

"पाणी आहे तिथेच धरून ठेवायचं. बारा लाख येतं, बारा लाखच काढायचं, कमीही नाही आणि जास्तही नाही. बोगद्यांत राख आणि वाळू भरायला चार वर्षं लागतील. तोवर एवढंच."

वत्सलाबाईंनी मनाशी हिशेब केला. "म्हणजे लोकांनी फक्त पाचवा हिस्सा पाणी कमी वापरायचं."

"हो. फक्त तेवढंच."

त्या घरी गेल्या आणि अहवालाचं पहिलं पान त्यांनी फाडून टाकलं. त्यांचे पती सुधाकर शाळेतून निवृत्त झालेले होते. अहवालाचं मराठी तेच तपासत. "हे छापलंस तर संपलं सगळं," ते म्हणाले. "निवडणूक झाल्यावर सांग."

"आणि तोवर घरं खचली तर?"

नवं पान त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. 'मी आणलेल्या योजनेमुळे आपल्या पायाखालची जमीन खचते आहे. ही चूक माझी आहे. पाणी कमी वापरा. जितकं कमी उपसलं जाईल तितकी आपली घरं टिकतील.' खाली सही केली.

छपाईपूर्वी मजकूर उराडेंना दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "पातळी वर येऊ द्यायची नाही, हे कुठंय?"

"डॉक्टर, मी वीस वर्षं या लोकांत फिरते. पाणी वापरा आणि वापरू नका, असं एकाच पानावर लिहिलं तर लोक पान फेकून देतील. म्हणतील, बाईचं डोकं फिरलं. आणि कितीही सांगितलं तरी लोक पाणी पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त कमी करणार आहेत का? तेवढं केलं तरी नशीब."

"शेवटचं वाक्य चूक आहे, ताई. शास्त्राच्या दृष्टीने."

"असू द्या. लोकांना कळेल असं आहे."

उराडेंनी आणखी वाद घातला नाही. पुढे चौकशी समितीसमोर त्यांनी हेच सांगितलं, की आपण आणखी वाद घालायला हवा होता.

अहवाल वाटला गेला आणि दुसऱ्याच दिवशी आचारसंहिता लागली. लोक दारात शिव्या घालतील अशी वत्सलाबाईंनी तयारी ठेवली होती. त्याऐवजी डोमाजी झाडे आले. वय ब्याऐंशी. याच खाणीत तेहतीस वर्षं त्यांनी काम केलं होतं. अहवालाचं पान त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवलं होतं.

"ताई, आजवर कोन्या पुढाऱ्यानं आपली चूक कागदावर लिवून देल्ली नाही," ते म्हणाले. "तुमी देल्ली. आता आमचं काम हाये."

डोमाजींनी वाडी-वाडीत सभा घेतल्या. घरोघरच्या तोट्या बंद झाल्या. बाया दोन किलोमीटरवरच्या नदीवरून पाणी आणू लागल्या. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्या घरी शेजारचे हंडा पोचवत. आठव्या दिवशी प्रभागाचा वापर नऊ लाखांवर आला, बाराव्या दिवशी चार लाखांवर. टाक्या भरल्या आणि भरलेल्या टाक्यांनी पंप आपोआप बंद केले.

उराडेंचा फोन आला तेव्हा वत्सलाबाई प्रचारफेरीत होत्या. "पातळी वर येतेय. रोज दोन सेंटिमीटर. लोकांना पाणी वापरायला सांगा, नाहीतर मला पंप चालवून ते नाल्यात सोडावं लागेल."

"सोडा," त्या म्हणाल्या. "आत्ताच सोडा."

नाल्यात पिवळट पाणी वाहू लागलं आणि तासाभरात तीनशे माणसं पंपघरासमोर जमली. आपण घोट-घोट वाचवायचा आणि नगरपरिषदेने आपलीच जमीन उपसून नाल्यात ओतायची, हे त्यांना सहन होईना. डोमाजी दाराला पाठ लावून बसले. ऑपरेटर नाल्याकडचा व्हॉल्व्ह बंद करून निघून गेला. टाक्या भरलेल्याच होत्या, पंप पुन्हा आपोआप थांबले.

वत्सलाबाई धावत आल्या. "डोमाजीकाका, उठा. पंप चालू राहायला पाहिजे. पाणी वर आलं तर खांब भिजतील."

"तुमीच तं लिवलं, जितकं कमी उपसलं तितकी घरं टिकन."

"अर्धंच लिहिलं होतं मी. अर्धं गाळलं."

लोक एकमेकांकडे बघू लागले. गर्दीतली एक बाई म्हणाली, "कोणी दबाव टाकला, ताई? घाबरू नका, आमी हाओत तुमच्या मागं."

"कोणी दबाव टाकला नाही! मी चुकले!"

"पहिल्यांदा चुकले म्हनलं तवा तुमचं बुडत होतं, म्हनून ते खरं वाटलं," डोमाजी शांतपणे म्हणाले. "आता मतदानाले नऊ दिस हायेत. आता तुमी काय बोलता अन् काहून बोलता, ते आमाले कसं कळन? आमी कागद मानतो. त्यावर तुमची सही हाये."

दुरुस्तीचं पत्रक छापायला त्या नगरपरिषदेत गेल्या. आचारसंहितेत नगरपरिषदेला काही छापता येत नव्हतं. त्यांनी स्वतः छापलं, तर विरोधी उमेदवाराने ते खोटं असल्याची तक्रार केली आणि चौकशी होईपर्यंत गठ्ठे जप्त झाले. मुख्याधिकाऱ्यांनी उराडेंचं निवेदन वाचलं. पंपघर मोकळं करायला पोलीस हवे होते आणि सगळे पोलीस निवडणुकीच्या कामावर होते. "मतदान संपलं की त्याच संध्याकाळी," ते म्हणाले.

त्या नऊ दिवसांत वत्सलाबाई दारोदार फिरल्या. त्यांनी मत मागितलं नाही, तोटी उघडा एवढंच त्या सांगत राहिल्या. लोकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, नदीवरून आणलेलं पाणी प्यायला दिलं. काहींनी त्यांच्या समाधानासाठी तोटी उघडली. त्या वळल्या की ती बंद होई. सुधाकर एकटे घरातल्या दोन्ही तोट्या दिवसभर वाहत्या ठेवून बसले.

मतदानाच्या दिवशी सकाळी पावणेबाराला झुकावमापकांच्या रेषा एकदम पडद्याबाहेर गेल्या. उराडे म्हणतात, आधी आवाज आला नाही, आधी खोलीतली धूळ उठली. पंपघर गेलं, मग त्यामागच्या दोन गल्ल्या. घरं कोसळली नाहीत, उभीच्या उभी खाली बसली आणि मग मोडली. पक्क्या खडकावरच्या शाळेत मतदानाची रांग लागली होती म्हणून शेकडो माणसं वाचली. एकसष्ट घरं गेली. सात माणसं गेली. त्यांत डोमाजी झाडे होते. त्यांनी मत दिलं नव्हतं, पंपघर सोडून जायला ते तयार नव्हते.

शाळेच्या मैदानावर रांग तशीच उभी राहिली. कोणी तरी म्हणालं, ताईंनी आधीच सांगितलं होतं, जमीन खचते म्हणून. ते वाक्य रांगेतून मागे मागे गेलं. मतपेट्या उघडल्या तेव्हा वत्सलाबाईंना प्रभागाच्या इतिहासातलं सर्वांत मोठं मताधिक्य मिळालं होतं.

प्रमाणपत्र घेऊन त्या सरळ प्रयोगशाळेत गेल्या. त्यांनी ते टेबलावर पालथं ठेवलं. "मी राजीनामा देणार आहे, डॉक्टर."

"द्या. पण आज नको." उराडेंनी नवा नकाशा उघडला. ते चार दिवस झोपले नव्हते. "छत खाली बसलं तेव्हा तिथलं पाणी कुठं गेलं असेल?"

नकाशावर निळा रंग शेजारच्या बोगद्यांत सरकला होता.

"प्रभाग सहा," उराडे म्हणाले. "तिथली पातळी एका दिवसात पाऊण फूट चढली. आपले पंप गाडले गेलेत, नवे यायला पंधरा दिवस लागतील. पण त्या भागात एकशे दहा घरांच्या कूपनलिका थेट बोगद्यांपर्यंत जातात. त्या सगळ्यांनी मोटारी दिवसभर चालू ठेवल्या, तर पातळी थांबेल."

"दुसरं कोणी जाऊन सांगू शकतं का?"

"मी सकाळीच जाऊन आलो. चाळीस घरं फिरलो. माझी ओळख नाही तिथे कुणाशी."

वत्सलाबाई उठल्या. प्रभाग सहामधल्या पहिल्या घरात शिलाईचं काम करणारी कुसुम निमगडे म्हणून एक बाई होती. तिने मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. आधारदाब, खांब, भिजलेली माती, सगळं. मध्येच दोन चांगले प्रश्नही विचारले. वत्सलाबाईंनी या वेळी काहीही गाळलं नाही.

कुसुमने अंगणातल्या मोटारीच्या बटणाकडे पाहिलं. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, राग नका मानू. पण नऊ नंबरवाल्यांनीबी तुमचंच ऐकलं होतं ना?"

बटण दाबायला तिचा हात पुढे होईल म्हणून वत्सलाबाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.