पडदेवाली आणि लाल पट्टी

पडद्यांच्या ढिगाआडून तिला पुढचं काही दिसतच नव्हतं. दार कुठलं ते तिनं पायानंच चाचपलं, आणि अर्थातच चुकीचं दार उघडलं.

"ही शांत खोली ना? मी पडदेवाली. मावशी म्हणाली मागच्या बाजूनं जा, पण मागची बाजू कुठली ते सांगितलंच नाही, आणि हे अस्तर इतकं जड आहे ना—"

'जड आहे ना' हे शब्द सगळ्या सभागृहात घुमले. ती चालू माइकसमोर उभी होती.

मंचावर एक तरुण गुडघ्यांवर बसून वायर गुंडाळत होता. कानांवर जाड गुबगुबीत हेडफोन. त्यानं शांतपणे हात लांब करून माइक बंद केला आणि पाहिलं... तिच्या चेहऱ्याकडे नाही, हातातल्या पडद्यांकडे.

"अस्तर दुहेरी आहे?"

"हो..."

"छान. आवाज अडेल."

पहिल्याच भेटीत कुणी अस्तराचं कौतुक करावं! ती हसली. तो हसला नाही. पण उठून त्यानं वरचे दोन पडदे उचलून घेतले आणि बरोबर दार दाखवलं.

सभागृहात मेळाव्याची तयारी चालली होती. मंचामागे कापडी फलक होता, 'आम्ही असेच!' ज्यांची डोकी जरा वेगळ्या धाटणीनं चालतात अशा सगळ्यांचा हा मेळावा. कुणाला ऑटिझम, कुणाला एडीएचडी, कुणाची अक्षरं पानावर जागेवर राहत नाहीत. लपवायचं नाही, ओशाळायचं नाही, एक दिवस सगळ्यांनी मिळून मिरवायचं. गोंगाट सोसला नाही तर बसायला एक शांत खोली, आणि तिला जाड पडदे. हे सगळं शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या डोक्यातून निघालं होतं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. हेडफोनवाला त्यांचा आवाजवाला. मोठा आवाज त्याला स्वतःलाच सोसत नसे, त्यामुळे कुठला स्पीकर किती दबवायचा हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

मेळाव्यात मनगटाला बांधायच्या पट्ट्याही पडदेवालीच्या मावशीच्याच दुकानात, पडद्यांच्या उरलेल्या कापडातून शिवल्या होत्या. हिरव्या, पिवळ्या आणि लाल.

"सवय व्हावी म्हणून आजपासूनच बांधायच्या," बाईंनी समजावलं. "हिरवी म्हणजे या, माझ्याशी बोला. पिवळी म्हणजे ओळखीचे असाल तर बोला. आणि लाल म्हणजे—"

"कळलं, कळलं! अगंबाई, माझी कात्री शिडीवरच राहिली—" आणि पडदेवाली पळाली.

लाल म्हणजे काय, ते काय विचारायचं? लाल म्हणजे थांबा. लाल म्हणजे नको.

"तू नाही बांधणार?" बाईंनी पाठीमागून विचारलं.

"मी? मी पडदे लावायला आलेय हो, बाई."

हे खरं होतं, आणि खरं नव्हतंही. मावशी तिला लहानपणापासून 'धांदल' म्हणायची. शाळेत 'लक्ष नाही' हा शेरा ठरलेला. अलीकडेच एका डॉक्टरीणबाईंनी त्या धांदलीला नाव दिलं होतं, एडीएचडी. ते नाव तिनं जास्तीच्या बटणासारखं खणात टाकून दिलं होतं. केव्हा लावायचं, कुठं लावायचं, काही ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दांडीत कड्या ओवत होती. आवाजवाला न बोलावता आला आणि शिडी धरून उभा राहिला. ती बोलू लागली. बसमध्ये शेजारी बसलेली बाई, तिच्या पिशवीतलं मांजर, मांजराला आलेली शिंक... आणि तिनं खाली पाहिलं. त्यानं एका कानावरचा हेडफोन बाजूला सारला होता. शिडीला खांदा टेकवून, खिशातून लाल पट्टी काढून तो मनगटावर बांधत होता.

ती गप्प झाली. मांजराचं पुढं काय झालं, ते राहूनच गेलं.

मग हे रोजचंच झालं. ती आली की हेडफोन एका कानावरून खाली आणि लाल पट्टी मनगटावर. तिच्यासाठी खिडकीजवळ खुर्ची ठेवलेली असायची. तिच्या शिडीच्या पायांना त्यानं रबर लावलं होतं. आणि पट्टी मात्र लाल! आता याचा अर्थ लावायचा तरी कसा?

"मावशी, आपण एखाद्याला आवडत नसू, तर तो आपली शिडी धरेल का गं?"

मावशीनं मशीन थांबवलं. "शिडी धरणं त्याचं काम आहे?"

"नाही."

"मग आवडत असशील."

"पण मी दिसले की 'नको' म्हणून लाल पट्टी बांधतो."

"मग नसशील."

"मावशी!"

"अगं, मी पडदे शिवते, भविष्य नाही सांगत! आणि तुला सुई आणायला पाठवलं होतं, हा चहाचा कप कुठून आणलास?"

पडदेवालीनं कपाकडे पाहिलं. खरंच की.

तिनं बोलणं कमी केलं. तो शिडी धरायचा, ती ओठ मिटून कड्या ओवायची. तो अधूनमधून वर बघायचा, जणू काही ऐकू यायचं राहिलंय... मग ती आणखीनच गप्प व्हायची. मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं मनाशी ठरवलं. त्याला माझं बोलणं नकोय ना? ठीक आहे. उद्या मीच लाल बांधीन, म्हणजे जीभ सुटणारच नाही. उद्या पडदे एकदा नीट बघायचे, निघायचं, आणि या सभागृहाच्या वाटेला पुन्हा जायचं नाही.

मेळाव्याच्या सकाळी ती मनगटावर लाल पट्टी बांधून आत आली आणि दारातच थबकली.

आवाजवाल्याच्या मनगटावर हिरवी पट्टी होती!

माणसं त्याच्याभोवती गोळा झाली होती. एक काका हातवारे करून काही सांगत होते, एक मुलगी त्याला आगगाड्यांची चित्रं दाखवत होती. तो मान डोलावत होता, उत्तरं देत होता. एवढा बोलतो हा? सगळ्या जगासाठी हिरवा, आणि माझ्यासाठी तेवढा लाल!

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मंचावर कुणीतरी कविता वाचून संपवली आणि सभागृहभर हात उंचावून हलू लागले. इथं टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसते हात हलवायचे, असं ठरलं होतं. त्या निःशब्द कौतुकातून वाट काढत ती शांत खोलीत गेली आणि पडद्याआड खुर्चीवर जाऊन बसली.

थोड्या वेळानं दार उघडलं. आवाजवाला आत आला. गोंगाटानं चेहरा पांढराफटक झालेला. पडद्याखाली त्याला तिच्या चपला दिसल्या. त्यानं पडदा हळूच सरकवला, तोंड उघडलं... आणि तिची लाल पट्टी पाहून मिटलं.

तरी तो गेला नाही. शेजारच्या खुर्चीवर बसला. आपल्या हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं, मग तिच्या लाल पट्टीकडे बोट दाखवलं, आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिला.

कशाची वाट? तिला काही कळेना. न बोलता बसणं तिला कधी जमलंय? शेवटी तिनं पट्टी काढून फेकलीच.

"काय आहे हो तुमचं? सगळ्यांशी हिरवे आणि माझ्याशी लाल? माझा एवढा त्रास होतो, तर शिडी कशाला धरता?"

"शिडी डुगडुगते."

"मग लाल कशाला?"

त्यानं एका कानावरचा हेडफोन खाली सारला.

"तुम्ही बोलता तेव्हा मला सगळं ऐकायचं असतं," तो म्हणाला. "बस, ती बाई, मांजर. पण ऐकता ऐकता उत्तर जुळवायला लागलो की ऐकायचं राहून जातं. लाल बांधली की उत्तर द्यावं लागत नाही. नुसतं ऐकता येतं."

"पण लाल म्हणजे माझ्याशी बोलू नका ना?"

"नाही. लाल म्हणजे, मी आत्ता बोलणार नाही. तुम्ही बोला, बसा, काहीही करा. बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं."

कात्री... शिडीवरची कात्री! तिनं कपाळावर हात मारला.

"आणि मग तुम्ही बोलायच्याच थांबलात," तो पडद्याच्या चुणीकडे बघत म्हणाला. "माझं काय चुकलं ते कळेना. म्हणून विचारायला आज हिरवी बांधली. तर तुम्ही लाल. लालवाल्यांना प्रश्न विचारायचे नसतात. आणि बाकीचे सगळे आले बोलायला. ते काका सकाळपासून त्यांच्या गुडघ्याबद्दल सांगतायत."

तिला इतकं हसू आलं की रडू कुठं संपलं ते समजलंच नाही.

"मग हिरवी काढायची ना!"

"तुझी लाल निघायची होती."

तुझी. तो 'तुझी' म्हणाला. मुद्दाम की चुकून? तिच्या छातीत कुणीतरी शिवणयंत्र चालू केलं होतं.

"मी दिवसभर आवाज कमी करत असतो," तो म्हणाला. "ते माझं कामच आहे. तुझा... तुझा कधी कमी करावासा वाटला नाही. मला तू आवडतेस. हे कसं सांगतात ते मला माहीत नाही. बहुतेक असंच."

तिनं फक्त त्याच्या बोटांवर आपला हात ठेवला. "चालेल ना?" हे विचारायचं मात्र ती विसरली नाही.

"चालेल," तो म्हणाला. "जरा घट्ट धर."

बाहेरून बाईंचा आवाज आला. ज्याला कुणाला स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचंय, त्यानं मंचावर यावं. आवाजवाला उठला, माइक त्याचाच होता. दाराशी गेल्यावरही तिनं हात सोडला नाही.

"मीही येऊ?"

"मंचावर?"

"माझं मलाच अजून नीट कळलेलं नाहीये रे. पण येऊ?"

त्यानं माइक तिच्या उंचीला केला, आवाज थोडा मऊ केला. समोर एवढी माणसं. मागच्या रांगेत मावशी, हातात तिची विसरलेली पिशवी घेऊन.

"मी पडदेवाली," ती म्हणाली. "मला वाटत होतं मी इथं नुसते पडदे लावायला आलेय... पण मी तुमच्यातलीच आहे. मला एडीएचडी आहे. आणि मी बाईंचं पुरतं ऐकून न घेता कात्री आणायला गेले होते, त्याचा फार घोटाळा झाला."

सभागृहभर हात वर झाले आणि हलू लागले. मावशीला नियम ठाऊक नव्हता, तिनं दणकून एक टाळी वाजवली. सगळे वळून बघायला लागले तसं तिनं घाईघाईनं हात वर केला आणि हलवायला लागली, पिशवीसकट.

पडदेवाली मंचावरून उतरली तेव्हा आवाजवाला आपल्या यंत्राशी बसला होता. त्यानं हिरवी पट्टी काढली, लाल बांधली. एका कानावरचा हेडफोन खाली सारला आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

ती बसली. त्याच्या उघड्या कानाकडे वाकली.

"तर त्या मांजराला शिंक आली ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हा ड्रायव्हरनं काय केलं असेल—"

तो नुसता ऐकत राहिला.